टाळूची खिडकी

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर, कपाळाच्या थोडे वर, मधोमध अलगद हात ठेवला तर एक मऊ जागा लागते. तिथे हाड नसते. बाळ शांत असताना नीट पाहिले तर ती जागा नाडीच्या ठेक्यावर किंचित उडताना दिसते. हीच टाळू. घरातली मोठी माणसे तिच्यावर तेल घालून ‘टाळू भरतात’ आणि ती भरून आली की निर्धास्त होतात. टाळू तेलाने भरत नाही. कवटीची हाडे वाढत वाढत एकमेकांना येऊन मिळतात आणि बहुतेक मुलांत दीड वर्षाच्या सुमारास ती जागा बंद होते.

वर्गात हे सांगितले की एखादे मूल हटकून विचारते, “मग ती उघडी असतेच कशाला?” उत्तर सोपे आहे. जन्माच्या वेळी अरुंद वाटेतून बाहेर पडताना कवटीची हाडे एकमेकांवर थोडी सरकता यावीत, हे एक कारण. दुसरे मेंदूच्या वाढीचे. जन्मताना साडेतीनशे-चारशे ग्रॅम असलेला मेंदू पहिल्या वर्षातच दुपटीहून मोठा होतो. त्याला जागा हवी, म्हणून कवटीचे सांधे सुटे हवेत.

या दोन उपयोगांखेरीज टाळूचा तिसराही एक उपयोग आहे. तो निसर्गाने योजलेला नाही, डॉक्टरांनी शोधून काढलेला आहे, आणि तोही गेल्या पन्नास वर्षांतला. टाळू ही मेंदूत डोकावण्याची खिडकी आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत या खिडकीने काय दाखवले आणि काय दाखवता आले नाही, ते आपण या लेखात पाहणार आहोत.

अपुऱ्या दिवसांचे बाळ

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे दर दहांत एकाहून अधिक. त्यांतली तीस लाखांच्या आसपास एकट्या भारतातली होती. यांतली बरीचशी थोडक्या दिवसांनी लवकर आलेली असतात आणि थोड्या देखभालीने सुधारतात. खरी काळजी असते ती ३२ आठवड्यांच्याही आधी येणाऱ्यांची. ती साधारण सातांत एक असतात. अठ्ठावीस आठवड्यांचे बाळ एक किलो साखरेच्या पुड्याएवढ्या वजनाचे असते. ‘बाळाला काचेत ठेवलंय’ असे आपण ज्यांच्याबद्दल ऐकतो, ती ही बाळे.

त्यांची फुप्फुसे कच्ची असतात, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. मेंदूचे काय होते, हे तितके माहीत नसते.

मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. डॉक्टर त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. या पोकळ्यांच्या कडेला गर्भावस्थेत पेशींचा एक दाट थर असतो. कोकणात भाताची रोपे आधी एका वाफ्यात दाटीने वाढवतात आणि मग उपटून खाचरात त्यांची लावणी करतात, ते आठवा. हा थर म्हणजे मेंदूच्या पेशींचा तसाच वाफा आहे. इथे पेशी जन्मतात आणि इथून निघून मेंदूच्या बाहेरच्या भागांकडे आपापल्या जागी जातात. लावणी संपली की वाफ्याचे काम संपते. पूर्ण दिवसांच्या बाळात हा थर जवळजवळ नाहीसा झालेला असतो. चोवीस ते बत्तीस आठवड्यांच्या दरम्यान मात्र तो ऐन भरात असतो. एवढ्या पेशींना रक्त लागते, म्हणून तिथे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पण ते जाळे तात्पुरते, म्हणून वाहिन्यांच्या भिंती अगदी पातळ.

आता दुसरी गोष्ट. तुमचा-आमचा रक्तदाब दिवसभर वरखाली होतो, तरी मेंदूत जाणारा रक्ताचा प्रवाह फारसा बदलत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावतात. अपुऱ्या दिवसांच्या आजारी बाळात ही सोय पुरती तयार नसते. टाकीतून येणारा दाब वाढला की पाण्याचा लोंढा थेट नळाला, आणि दाब गेला की नळ कोरडा, अशी अवस्था होते. श्वास अडखळणे, रक्तदाब एकदम पडणे, तो सावरण्यासाठी शिरेतून घाईने दिलेले पाणी, यातल्या कशानेही त्या पातळ वाहिन्या फुटू शकतात. असा रक्तस्राव झालाच, तर निम्म्या बाळांत तो पहिल्याच दिवशी होतो आणि दहांतल्या नऊ बाळांत पहिल्या चार दिवसांत होऊन जातो.

बाळ मात्र काही सांगत नाही. ते तसेही फारसे हालचाल करत नाही, क्षीण रडते, श्वासाला अडखळते. रक्तस्राव झालेले आणि न झालेले अशी दोन बाळे शेजारी ठेवली तर पुष्कळदा अनुभवी डॉक्टरलाही फरक कळत नाही.

कवटीची अडचण

लवकर जन्म आणि नंतरचे अपंगत्व यांचा संबंध लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६१ साली आपल्या व्याख्यानात मांडला होता. हातपाय ताठर असलेल्या मुलांच्या जन्माची माहिती त्यांनी गोळा केली. त्यांतली अनेक मुले लवकर जन्मलेली किंवा जन्मताना गुदमरलेली होती. या अवस्थेला आज आपण सेरेब्रल पाल्सी म्हणतो. मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेले फ्रॉइड हे आधी चेतासंस्थेचे डॉक्टर होते, आणि लहान मुलांच्या या आजारावर त्यांनी १८९७ साली मोठा ग्रंथ लिहिला. अवघड बाळंतपण हे कारण नसून आधीच्या एखाद्या बिघाडाचे लक्षणही असू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. वाद मिटण्यासारखा नव्हता, कारण मेंदूत नेमके काय झाले होते हे पाहण्याची वेळ यायची ती बाळ दगावल्यावर, शवविच्छेदनात. जगलेल्या बाळांच्या मेंदूत काय घडले, हे कुणालाच कळत नव्हते.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पण त्यांच्या चित्रात हाड दिसते. मेंदू, रक्त आणि द्रव सगळे सारखेच दिसते. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली मुलांच्या मेंदूच्या पोकळ्यांत सुईने हवा भरली आणि मग क्ष-किरण चित्र काढले. हवेमुळे पोकळ्यांचा आकार दिसला. युक्ती हुशारीची होती, पण एक किलोच्या आजारी बाळावर कोण ती करणार?

ध्वनीचा मार्ग प्रथम चोखाळला तो ऑस्ट्रियातले डॉक्टर कार्ल डुसिक यांनी, १९४० च्या सुमारास. माणसाला ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या पलीकडचा, म्हणजे सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनांचा ध्वनी म्हणजे श्राव्यातीत ध्वनी. डोक्याच्या एका बाजूने असा ध्वनी सोडायचा, दुसऱ्या बाजूला पकडायचा आणि मेंदूत तो कुठे किती शोषला जातो यावरून चित्र तयार करायचे, अशी डुसिक यांची कल्पना होती. भौतिकशास्त्रज्ञ भाऊ मदतीला होता. चित्रे निघाली, त्यांत मेंदूच्या पोकळ्या दिसल्या असे वाटले, आणि मोठी खळबळ उडाली. १९५२ च्या सुमारास इतर संशोधकांनी कसून तपासणी केली तेव्हा कळले, की चित्रातल्या त्या आकृत्या पोकळ्यांच्या नव्हत्याच. कवटीचे हाड कुठे जाड, कुठे पातळ, त्याचाच तो नकाशा होता! आमच्या मते विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात आवर्जून सांगावी अशी ही गोष्ट आहे. उपकरण बरोबर चालत होते, चित्रही खरे होते. फक्त ते चित्र डुसिक समजत होते त्या गोष्टीचे नव्हते.

हाड ध्वनीचा मोठा भाग परत फेकते आणि बराचसा शोषून घेते. त्यामुळे मोठ्या माणसाचा मेंदू या मार्गाने पाहण्याचा नाद बहुतेकांनी सोडला. तान्ह्या बाळाच्या कवटीला खिडकी असते, ही गोष्ट आजीबाईला ठाऊक होती. ती यंत्रवाल्यांच्या उपयोगी पडायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

मधल्या काळात सीटी स्कॅन आला. अनेक दिशांनी घेतलेल्या क्ष-किरण मोजमापांतून संगणकाने शरीराचा आडवा काप दाखवणारे हे यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनवले; १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यातून पाहिला गेला. यात ताजे रक्त वेगळे उठून दिसते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या डॉक्टर लू-ॲन पॅपिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४६ बाळांचे सीटी स्कॅन केले आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. ४६ पैकी २० बाळांच्या मेंदूत रक्तस्राव होता. त्याहून धक्कादायक गोष्ट पुढे होती. रक्तस्राव होऊनही जगलेली नऊ बाळे होती, आणि त्यांतल्या सातांत रक्तस्रावाचे एकही बाह्य लक्षण दिसले नव्हते. म्हणजे ज्यांना ‘सुटलं बिचारं’ म्हणून घरी पाठवले जात होते, त्यांतल्या काहींच्या मेंदूत जखम होती आणि ती कुणालाच माहीत नव्हती.

पॅपिल यांनी रक्तस्रावाच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरात आहेत. रक्त फक्त वाफ्यात असेल तर पहिली. पोकळीत उतरले पण पोकळी फुगली नाही, तर दुसरी. रक्ताने पोकळी फुगली तर तिसरी. शेजारच्या मेंदूतच रक्त दिसले तर चौथी. तेव्हा वाटत होते की चौथ्या पायरीत रक्त पोकळीतून फुटून मेंदूत शिरते. पुढे ध्यानात आले की गोष्ट वेगळी आहे. मेंदूच्या त्या भागातून रक्त परत नेणारी शीर वाफ्याच्या जवळूनच जाते. वाफ्यात साकळलेल्या रक्ताने ती दबते, मागचे रक्त तुंबते आणि तो भाग निकामी होतो. ओढ्याच्या तोंडाशी दरड कोसळल्यावर वरच्या अंगाची शेते बुडावीत, तसे.

सीटी स्कॅनची अडचण उघड आहे. बाळाला काचेच्या उबेतून काढून, नळ्यांसकट, दुसऱ्या इमारतीत न्यायचे, आणि वर क्ष-किरणांचा मारा. हे एकदा जमेल. रोज कसे जमणार?

बाळाकडे येणारे यंत्र

१९७९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या गटाने, ज्यात ऑस्मंड रेनॉल्ड्स हे नामवंत बालरोगतज्ज्ञ होते, ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतली इजा श्राव्यातीत ध्वनीने, बाळ जागेवर असतानाच दिसू शकते. लवकरच टाळूवरून मेंदू पाहण्याची पद्धत जगभर रुळली. आपण जिला सोनोग्राफी म्हणतो, तीच ही.

तिचे गणित नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करता येईल. शरीराच्या मऊ भागात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. टाळूपासून मेंदूची पोकळी समजा ४ सेंटिमीटरवर आहे. ध्वनीला जाऊन-येऊन ८ सेंटिमीटर, म्हणजे ०.०८ मीटर कापायचे आहेत. ०.०८ भागिले १५४०, म्हणजे सुमारे ५२ मायक्रोसेकंद. (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद.) त्याच्या एक मिलिमीटर पलीकडच्या वस्तूचा प्रतिध्वनी आणखी १.३ मायक्रोसेकंदाने येईल. यंत्र हा फरक मोजते. डोंगरात हाक मारून प्रतिध्वनीवरून कड्याचे अंतर काढण्याचे जे उदाहरण आपण शिकवतो, ते हेच. फक्त कडा बोटाच्या पेरांवर आला आहे.

मग साधा ऐकू येणारा ध्वनी का चालत नाही? तरंगलांबी काढून पाहा. सेकंदाला एक हजार कंपनांच्या ध्वनीची शरीरातली तरंगलांबी दीड मीटर येते. एवढ्या लांब तरंगाला वाटाण्याएवढी रक्ताची गाठ ‘दिसणार’ नाही. समुद्राच्या लाटेला पाण्यातली काठी जाणवत नाही, तसे. बाळाच्या मेंदूसाठी वापरतात ती कंपने सेकंदाला ७५ लाखांच्या आसपास, म्हणजे साडेसात मेगाहर्ट्झ. आता तरंगलांबी ०.२ मिलिमीटर. कंपने जितकी जास्त तितके चित्र बारकाव्याचे, पण तितका ध्वनी लवकर विरतो आणि खोलवर पोचत नाही. बाळाचे डोके लहान, म्हणून इथे हा सौदा परवडतो.

ध्वनी निर्माण करणारे आणि पकडणारे स्फटिक एकच असतात. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे प्येर आणि झाक क्युरी या भावांना १८८० साली आढळले. उलटही खरे आहे: वीज दिली की स्फटिक थरथरतो. टाळूवर टेकवण्याच्या छोट्या मुठीत असे अनेक स्फटिक ओळीने बसवलेले असतात. ते क्षणभर ओरडतात, मग गप्प बसून ऐकतात. सेकंदाला हजारो वेळा. मूठ आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच परत फिरतो. म्हणून मध्ये जेली लावतात. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांच्या गटाने १९५० च्या दशकात गरोदर स्त्रियांच्या पोटावर हे तंत्र वापरायला सुरुवात केली तेव्हा जेलीच्या जागी ऑलिव्हचे तेल लावत असत. टाळूवर तेल घालण्याचा एक शास्त्रीय उपयोग सापडला म्हणायचा!

पडद्यावर द्रव काळा दिसतो, कारण त्यातून प्रतिध्वनी येत नाही. मेंदू करडा. ताजे साकळलेले रक्त पांढरे. पोकळीच्या काळ्या चंद्रकोरीत पांढरा डाग दिसला की निदान जवळपास झाले. लहान मेंदू समोरच्या टाळूपासून दूर पडतो, म्हणून तो पाहायला कानामागची एक छोटी खिडकी वापरतात. तपासणीला काही मिनिटे पुरतात, बाळाला काचेतून बाहेर काढावे लागत नाही, किरणांचा त्रास नाही, आणि उद्या परत पाहता येते.

आपल्याकडे या यंत्राला आणखी एक संदर्भ आहे. हेच यंत्र गर्भलिंग ओळखण्यासाठी वापरले गेले आणि त्यातून मुलींचे काय झाले, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. असे निदान रोखणारा कायदा करण्यात आपले राज्य १९८८ साली पहिले होते. १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. त्यामुळे नवजात विभागात केवळ बाळांची डोकी पाहण्यासाठी ठेवलेल्या यंत्राचीही कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि ते उचलून कुठेही नेता येत नाही. डॉक्टरांना हे जाचक वाटते. आम्हांला ते खटकत असले तरी अन्यायाचे वाटत नाही.

चित्र सुधारले, मूल सुधारले का?

रोज पाहता येऊ लागल्यावर प्रथमच कळले की रक्तस्राव कधी होतो. पहिल्या तीन-चार दिवसांत होतो म्हटल्यावर त्याच दिवसांत जपायचे ठरले: बाळाला कमीत कमी हाताळायचे, शिरेतून काहीही घाईने द्यायचे नाही, डोके सरळ ठेवायचे. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हौवी यांनी १९७२ साली, लवकर बाळंत होण्याची चिन्हे असलेल्या मातांना स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात हे दाखवले होते. पुढच्या चाचण्यांत आढळले की त्याने मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. औषध स्वस्त आहे. मात्र ते बाळंतपणाच्या आधी, वेळेत मिळायला हवे, आणि आई वेळेत रुग्णालयात पोचायला हवी.

सगळ्याच प्रयत्नांची गोष्ट इतकी सरळ नाही. इंडोमेथॅसिन नावाचे एक औषध जन्मानंतर लगेच दिले तर रक्तस्राव कमी होतो, असे दिसले होते. त्याची मोठी चाचणी झाली आणि निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. एक किलोहून कमी वजनाची १२०२ बाळे; चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटलेली. औषध मिळालेल्या गटात गंभीर रक्तस्राव ९ टक्के, दुसऱ्या गटात १३ टक्के. म्हणजे चित्रे नक्कीच सुधारली. मग बाळे दीड वर्षाची झाल्यावर मोजदाद झाली. दगावलेली किंवा अपंगत्व आलेली मुले औषधाच्या गटात ४७ टक्के, दुसऱ्यात ४६. काहीच फरक नाही!

हे कसे झाले? एक शक्यता अशी की मुलाचे भवितव्य ठरवणारी जी इजा होती, ती या चित्रात दिसतच नव्हती.

मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराला आतल्या भागाशी जोडणारे चेतातंतू पांढऱ्या भागातून जातात. पायांच्या हालचालीचे तंतू पोकळीच्या अगदी कडेने जातात. म्हणून या मुलांचे पाय हातांपेक्षा अधिक ताठर असतात. या पांढऱ्या भागाला रक्त कमी पडले किंवा जंतुसंसर्गाची झळ लागली तर तो जागोजागी मरतो. १९६२ साली बँकर आणि लारोश या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी शवविच्छेदनातून त्याचे नीट वर्णन केले. सोनोग्राफीत हा भाग आधी नुसता धुरकट पांढरा दिसतो, कधी तोही नाही. दोन ते चार आठवड्यांनी तिथे बारीक काळी छिद्रे पडतात. म्हणूनच पहिल्या आठवड्यातली सोनोग्राफी चांगली आली तरी काम संपत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा: तीस आठवड्यांच्या किंवा त्याआधीच्या प्रत्येक बाळाची सोनोग्राफी सात ते दहा दिवसांत, पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी आणि पुन्हा मूळ तारखेच्या सुमारास करावी.

छिद्रे पडण्याइतकी मोठी इजा आता कमी झाली आहे. आता अधिक आढळते ती विखुरलेली, सूक्ष्म इजा. चेतातंतूंभोवती मायलिनचे आवरण गुंडाळणाऱ्या पेशी पुऱ्या वाढण्याआधीच खुरटतात. छिद्र नाही, रक्त नाही. सोनोग्राफीला दिसणार काय?

इथे एमआरआय उपयोगी पडतो. शक्तिशाली चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनच्या केंद्रकांचा प्रतिसाद टिपून तो चित्र काढतो. क्ष-किरण नाहीत. बाळाला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, कान झाकून आत ठेवतात. बहुधा ते झोपी जाते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या १६७ बाळांचा असा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पाचांत एका बाळाच्या पांढऱ्या भागात मध्यम किंवा तीव्र दोष दिसला, आणि दोन वर्षांनी हालचालीच्या व समजेच्या अडचणी अशा मुलांत कितीतरी अधिक आढळल्या. तरीही दोष दिसूनही छान वाढलेली मुले होती, आणि स्वच्छ चित्र असूनही अडखळलेली मुले होती.

मग प्रत्येक बाळाचा एमआरआय करावा का? इंग्लंडमध्ये ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ५११ बाळांवर याची परीक्षा झाली. निष्कर्ष २०१८ चे. सगळ्यांच्या दोन्ही तपासण्या केल्या, पण निम्म्या आईबापांना सोनोग्राफीचा निकाल सांगितला आणि निम्म्यांना एमआरआयचा. एमआरआयचा निकाल ऐकलेल्या आयांची चिंता किंचित कमी झाली, खर्च वाढला. भाकिताची कुवत बेताचीच निघाली. वर सांगितलेली अमेरिकन संघटनाही सरसकट एमआरआयची शिफारस करत नाही. शंका असेल तिथे मात्र तो जरूर करतात.

घरी जाताना मिळणारा कागद

बाळाला घरी सोडताना आईबापांच्या हातात एक कागद पडतो. त्यावर ‘डोक्याची सोनोग्राफी: नॉर्मल’ किंवा ‘पहिल्या पायरीचा रक्तस्राव’ असे लिहिलेले असते. पहिल्याने घर निश्चिंत होते, दुसऱ्याने हबकते. दोन्ही प्रतिक्रिया वाजवीपेक्षा जास्त आहेत. पहिल्या-दुसऱ्या पायरीचा रक्तस्राव झालेली बहुतेक मुले चालतात, बोलतात, शाळेत जातात. चौथ्या पायरीत धोका खरा, पण इजा एका बाजूला मर्यादित असेल तर मूल एका हातापायाच्या कमकुवतपणावर निभावून जाऊ शकते. आणि ‘नॉर्मल’चा अर्थ एवढाच, की या खिडकीतून दिसण्याइतके मोठे काही दिसले नाही.

न दिसणारे कुठे दिसते, याचे उत्तर पुण्यातल्या एका अभ्यासात आहे. केईएम रुग्णालयाच्या नवजात विभागातून ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या मुलांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले प्रौढ होईपर्यंत घेतला. भारतात इतका दीर्घ मागोवा क्वचितच घेतला गेला आहे. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा काही गुणांनी कमी होता. पण शिक्षकांनी लक्षात घ्यावे असे ते नव्हे. डोळ्याने पाहून हाताने उतरवणे यांना जड जात होते; अडत होते ते लेखनात आणि गणितात.

असे मूल आपल्या वर्गात असते. तोंडी उत्तरे बरी देते, फळ्यावरचे उतरवताना ओळ सोडते, बेरजेचे आकडे एकाखाली एक येत नाहीत, वही घाणेरडी असते म्हणून मार खाते. ते सातव्या महिन्यात जन्मले होते, महिनाभर काचेत होते, हे शाळेच्या दाखल्यावर कुठेच नसते. आईला विचारले तर ती आठवडे आणि ग्रॅम दोन्ही अचूक सांगते. ते आकडे विसरलेली आई आम्हांला भेटलेली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत येतात आणि अशा मुलांना जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवू शकतात. पथक येईल त्या दिवशी त्यांच्यापुढे त्या मुलाची वही ठेवावी. दहा वर्षांपूर्वीची सोनोग्राफी मागण्यात अर्थ नाही, आणि नवी काढायची म्हटली तर टाळू केव्हाच भरलेली असते.